साडेसहा तासांची झोप

हलणं थांबलं म्हणून रविराजला जाग आली. वाऱ्यानं नाही, पावसानं नाही, कोणी हाक मारली म्हणूनही नाही. अंगाखालची होडी बराच वेळ हलत होती, ती एकदम हलायची थांबली आणि त्याचे डोळे उघडले. वर निळी ताडपत्री होती. तिच्या मध्यभागी पाणी साचून तिचं पोट लोंबत होतं आणि ते त्याच्या नाकापासून चार बोटांवर आलं होतं. त्यानं ते तळहातानं वर ढकललं, तेव्हा सगळं पाणी दुसऱ्या बाजूनं त्याच्याच पायांवर ओतलं गेलं. मनगटावर पावणेपाच वाजले होते. पहाटेचे की संध्याकाळचे, हा प्रश्न पहिला आला. दुसरा त्याहून मोठा होता, कारण ताडपत्री सारून त्यानं डोकं बाहेर काढलं तर समोर देवबाग नव्हतं.

झोपताना ते होतं. डावीकडे वाडीतल्या शंकरची झावळ्यांची झाप, उजवीकडे गंगूकाकीचे सात माड, मधे पर्यटकांच्या खोल्यांचा पांढरा बोर्ड, त्यापलीकडे घराची कौलं. माणूस जिथं झोपतो तिथंच उठतो, या समजुतीवर रविराजनं एकेचाळीस वर्षं काढली होती, त्यामुळे आपण हललो असू हे त्याच्या मनात आलं नाही. देवबागच कुठंतरी गेलं, असं त्याला वाटलं आणि काही क्षण गावाचा रागही आला. मग डोळे नीट उघडले. चारी बाजूंनी कांदळाची झाडं होती. त्यांची मुळं चिखलातून वर आलेली, आणि त्या मुळांमधे होडीचं नाक जाऊन बसलेलं, कपाटामागे पडलेल्या चपलेसारखं, नीट आणि अडकून. पानांना प्लास्टिकच्या पिशव्या लटकत होत्या, एका फांदीवर कुणाचा तरी लाल परकर होता. आभाळ स्वच्छ होत आलं होतं. काहीतरी होऊन गेलं होतं, एवढं त्याला कळलं. काय, ते कळेना. त्याला दिवसभरात फक्त एकच गोष्ट ऐकू आल्याचं आठवत होतं. वरच्या मजल्यावरचे लोक कपाट ओढत होते. भाईंदरच्या घरी ते रविवारी ओढतात. झोपेत तो भक्तीला म्हणालादेखील होता, जाऊन सांग त्यांना, माणसं झोपलीत खाली. भक्ती, त्याची बायको, काही न बोलता त्याच्या अंगावर पाणी शिंपडत राहिली होती. आता त्याच्या लक्षात आलं की भक्ती भाईंदरला आहे आणि आपल्या डोक्यावर मजला नव्हता.

तो आठ दिवसांच्या रजेवर आला होता. रजा डिसेंबरअखेर वाया जाणार होती, शिवाय आईचे डोळे कुडाळला दाखवायचे होते. सकाळी दहाला थोरल्या भावाचा, तुकारामचा, कट्टा गावाहून फोन आला. होडीचं मशीन घेऊन तो मेकॅनिककडे गेला होता. ते मशीन वर्षातले चार महिने कट्ट्यालाच असायचं. "रव्या, रेडिओर सांगल्यानी, वारो येवचो आसा. सगळे होडये वर काढतत. आपलो नंबर शंकराच्या मागसून. तू जावन होडयेत बस."

"होडयेत कशाक? काठार उभो रवतंय."

"काठार उभो रवलेल्याक कोण मोजता? घरचो माणूस होडयेत दिसाक व्हयो."

हे खरं होतं. वाडीतल्या बारा जणांनी मिळून एकेक होडी माडाच्या ओंडक्यांवरून वर ओढायची, आणि जिच्यात घरचा माणूस बसलेला नाही तिला हात लावायचा नाही. पूर्वी कधीतरी मालक नसताना ओढलेल्या एका होडीचा तळ फुटला होता. त्या भांडणात तीन वर्षं गेली होती आणि ठरलेली दोन लग्नं मोडली होती. तेव्हापासून हा नियम. म्हणून रविराज गुडघाभर पाण्यातून जाऊन नांगरलेल्या होडीत चढला, आणि चढताच त्याच्या पोटात ते सुरू झालं. खाडी तेव्हा जवळजवळ स्तब्ध होती. शर्टाच्या खिशात बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या होत्या, देवबागला येताना त्या तो नेहमी आणायचा आणि घरात दिसू द्यायचा नाही. एक घेतली. पाच मिनिटांत गुण आला नाही म्हणून दुसरी घेतली. मग पावसाचे थेंब आले म्हणून ताडपत्री अंगावर ओढली. तेव्हा सव्वादहा झाले होते. यापुढचं त्याच्याकडे काही नव्हतं.

मासेमाराच्या मुलाला बोट लागते, हे देवबागात हसण्यावारी न्यायच्या पलीकडचं होतं. शेतकऱ्याच्या मुलाला मातीनं शिंका याव्यात, तसं. बापानं त्याला अकराव्या वर्षी समुद्रावर नेलं, एकदा नाही, तीनदा. बाप खुणा शिकवत होता. तो डोंगर बघ, त्याच्या पोटात देवळाचा कळस घाल, आणि ह्या बाजूला तो वाकडा माड त्या पांढऱ्या दगडावर आण. दोन्ही जमलं की खाली खडक, खडकावर मासा. थोरला तुकाराम माना डोलवत होता. रविराजची मान होडीच्या आत होती. त्यामुळे किनाऱ्याची एकही खूण त्याच्या डोक्यात गेली नाही, पण तळ पाठ झाला: उजवीकडच्या फळीला दोन खिळे जादा, पाणी उपसायच्या डब्यावर अर्धवट खरवडलेलं बिस्किटांचं नाव, काथ्याच्या दोरीत अडकलेले खवले. ज्याला ओकायचं नसतं तो क्षितिजाकडे बघतो, हे त्याला पुढं मुंबईत एका मासिकात वाचून कळलं. तिसऱ्या खेपेनंतर बापानं चिडून नाही, अगदी शांतपणे सांगितलं, "तू पेन धर." आणि तेराव्या वर्षी त्याला मुंबईला मामाकडे पाठवलं. बाप वारून नऊ वर्षं झाली. ते वाक्य मात्र अजून तसंच होतं.

पेन धरून तो एका कुरिअर कंपनीत लागला. 'पत्ता सापडला नाही' असा शिक्का बसून परत आलेली पाकिटं त्याच्या टेबलावर यायची आणि तो ती माणसं शोधून काढायचा. जुन्या चाळीच्या जागी टॉवर, टॉवरच्या मागं चाळीतलाच एक दुकानदार, दुकानदाराकडे नवा पत्ता. खात्यात त्याचं नाव होतं. अशा माणसाला आता आपण कोणत्या तालुक्यात आहोत हे सांगता येत नव्हतं. त्यानं मोबाइल काढला. तो प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला असल्यानं कोरडा होता, पण रेंज शून्य. त्यात करता येण्यासारख्या दोन गोष्टी होत्या, बॅटरी लावणं आणि सापाचा खेळ. कचेरीतल्या प्रितेशनं गणपतीत नवा फोन घेतला होता. त्यात नकाशा होता, नकाशावर आपण म्हणजे एक निळा ठिपका, आणि आत एक बाई. कर्जतच्या लग्नाला जाताना ती गाडीत इंग्रजीतून बोलत होती, दोनशे मीटरवर डावीकडे. तिनं त्यांना एका वीटभट्टीत नेलं. सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं रविराज. त्यानं तेव्हा भाषणच केलं होतं, की तोंड आहे ना, विचारावं माणसाला, पत्ता माणसाकडे असतो, यंत्राकडे नसतो. आता चिखलात रुतलेल्या होडीत, पायात गार पाणी घेऊन बसल्यावर त्याला ती बाई फार आठवली. वीटभट्टीत नेल्यावर ती गप्प बसली नव्हती की चिडली नव्हती. 'मार्ग पुन्हा काढते आहे,' एवढंच म्हणाली होती. एवढं सभ्य बोलणं रविराजनं होडीत कधीच ऐकलं नव्हतं. त्याला तसा फोन हवासा वाटू लागला, इतका की बसल्या जागी खिशाला हात गेला. निळा ठिपका दिसेल, ठिपक्याभोवती निळंच पाणी असेल, ती म्हणेल, आपण इथं आहात. कसे आलात, असं ती विचारणार नाही. मग त्याच्या मनानं खोडी काढली आणि त्या फोनमधून बापाचा आवाज आला. गाढवा, दोनशे हातांर डावीकडे. डावो खयचो तां तरी कळता मां?

पण झाडांमागून खरोखरचा आवाज आला आणि तो बाईचा होता. गुडघ्यापर्यंत चिखलात, नऊवारी वर खोचून, हातात काठी घेतलेली एक म्हातारी वाट काढत येत होती. तिचं नाव काशीबाई, हे पुढं कळलं. रविराज इतका आनंदला की उभा राहिला, आणि होडी कलली तसा बसला.

"आजी, ह्यां खंय?"

"तू कोणाचो?" म्हातारीनं विचारलं.

"ह्या गावाचां नाव काय, येवढांच सांगा."

"गाव खंय पळान जाता? तू कोणाचो तां आधी सांग."

"देवबागचो."

"देवबागात काय एक घर आसा?"

"तुकाराम कुबलाचो भाव."

"खयचो तुकाराम? मशीन बिघडता तो?"

"तोच."

"म्हणजे तू जनार्दनाचो धाकटो झील." तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "मुंबयत आसता तो. ओकता तो."

कीर्ती खाडी ओलांडून इथवर आली होती. त्यानं होकार दिला. आता ओळख पटल्यावर तिनं पत्ता दिला: हे कोरजाईचं खाजण, खाडीकाठची दलदल; देवबाग खाडीच्या पल्याड. "माजो पत्रो बघलंस?" तिनं लगेच विचारलं. गोठ्याचा पत्रा दुपारी उडाला होता, सबंध, खिळ्यांसकट. रविराजनं पत्रा पाहिला नव्हता. त्यानं पाहिलेल्या गोष्टींची यादीच फार लहान होती. "मोठो वारो होतो काय?" त्यानं जपून विचारलं.

काशीबाई काठीवर दोन्ही हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "चेष्टा करतंस मेल्या? बारापासून तीनपर्यंत जगबुडी झाली. आमच्या अर्ध्या वाडीतलां कौल रवलां नाय. माड असे मोडले, काडये मोडल्यासारखे." मग तिचं लक्ष होडीच्या मागच्या टोकाकडे गेलं. तिथं मशीन नव्हतं. तिथून तिची नजर तळातल्या वल्ह्यावर आली, वल्ह्यावरून रविराजवर, आणि तिच्या तोंडावर काहीतरी बदललं. "असल्या वाऱ्यात तू ही वलवत हाडलंस?"

रविराज "हं" म्हणाला.

हं हा काही धड शब्द नव्हे. तो फोनवर समोरचा बोलत असताना आपण म्हणतो, बायको काही सांगत असताना म्हणतो. त्यात कबुली नसते. असं त्यानं पुढच्या पाऊण तासात स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण काशीबाईला तेवढा पुरला. तिचे सासरे मोठं वादळ दिसलं की होडी वर न काढता हाकत आणून याच कांदळात घालायचे, म्हणाली, कांदळात वारा शिरत नाही. आता तसा शहाणा माणूस उरला नाही असं तिला वाटत होतं. "रक्तात असता तां," ती म्हणाली. "ओकलो तरी झील जनार्दनाचोच." रविराजनं वल्हं उचलून मांडीवर घेतलं. तळव्याला ते बरं वाटलं. आपण झोपेत उठलो असू का, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन बसला. माणसं झोपेत चालतात, झोपेत दार उघडतात, भक्तीचा भाऊ झोपेत दूध पितो. मग हात झोपेत वल्हवणार नाहीत कशावरून? तळहातांवर फोड नव्हते. पण ओल्या हातांना फोड कमी येत असतील.

साडेपाचच्या सुमारास पाण्यावरून हाक आली. "रव्याऽऽ!" मशीनचा आवाज, मग पुन्हा हाक, आणि दुसऱ्या हाकेत आवाज मधेच फाटला. तो तुकाराम होता. काशीबाईनं तोंडाला हातांचा पन्हाळा करून उत्तर दिलं आणि खाडीच्या मोकळ्या पाण्यातून शंकरची होडी कांदळाच्या तोंडाशी आली. शंकर सुकाणूवर होता, वाडीतला सगळ्यांत जाणता तांडेल, साठीचा. पुढं तुकाराम उभा होता. त्याची पँट मांडीपर्यंत फाटलेली, एका पायात चप्पल, तोंड पांढरं पडलेलं. कट्ट्याहून तो आडव्या झाडांवरून चालत, मधे कुणाच्या मोटारसायकलवर, पुन्हा चालत आला होता. वाडीत त्याला सांगितलं होतं की होडी नाही आणि भाऊही नाही.

रविराजनं तोंड उघडण्याआधी काशीबाईनं सगळं सांगून टाकलं. तिच्या सांगण्यात आता वाराही वाढला होता आणि वल्हंही. "एकट्यान हाडल्यान हो! मशीन नाय, दुसरो माणूस नाय. म्हाताऱ्यांची अक्कल आसा ह्याका."

शंकर ऐकत राहिला. मग हळूहळू मान हलवू लागला. सकाळी नंबर आला तेव्हा त्यानंच तीन हाका मारल्या होत्या. होडीत कोणी दिसलं नाही म्हणून वाडी पुढच्या होडीकडे गेली. "तेव्हा तू वाकान नांगर बघी होतंस, मां?" शंकर म्हणाला. "आमी म्हटलां मुंबयकार कटाळलो, घराक गेलो. आणि ह्यो वाऱ्याचो अंदाज घेयत होतो!" सगळं जुळत होतं. रविराजला आपल्या टेबलावरची पाकिटं आठवली. पत्ता चुकीचा असला तरी असा जुळवला की सापडतोच, फक्त माणूस दुसरा निघतो. वर ओढलेल्या नऊ होड्यांपैकी सहांवर माड पडले होते. गंगूकाकीची तर मधोमध दोन झाली होती. न ओढलेली एकच होती, ती धड होती. तुकाराम होडीवरून होडीत आला आणि त्यानं रविराजच्या खांद्यावर हात ठेवला. या भावानं आजवर त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता तो फक्त वाकून ओकताना धरण्यासाठी. रविराज खांदा न हलवता बसला. वाडीत आता हे सांगितलं जाईल. आई ऐकेल. बाप असता तर... एवढ्यावर तो थांबला, कारण पुढचा विचार इतका गोड होता की त्याला त्याचीच शरम वाटली.

आणि मग शंकर म्हणाला, "पुढच्या वेळेक आमी वर काढूचो खटाटोपच करूचो नाय. रव्या, वारो लागलो की सगळ्यांनी हयच येवचां. मशीन चालला नाय तर वलवत. तू एकट्यान हाडलंस, माजे तर दोन झील आसत. तेंका तू सांग कसां हाडलंस तां. दोघेय शिकतले."

शंकरची मुलं रविराज ओळखत होता. एक एकोणीस वर्षांचा, दुसरा बावीस. ती दोघं तीन माणसांच्या उंचीच्या पाण्यात, वल्हं घेऊन, तो सांगेल त्या वाटेनं येताना त्याला दिसली. ती वाट कुठं होती? ती एका 'हं'मधून निघत होती. त्यानं मांडीवरचं वल्हं उचलून तळात ठेवलं.

"मी निजलेलंय," रविराज म्हणाला.

"काय?"

"होडयेत निजलेलंय. सव्वादहाक निजलंय, पावणेपाचाक उठलंय. मधला माका काय म्हायत नाय. होडी कशी इली माका ठावक नाय."

शंकर खदखदून हसला. काशीबाईही हसली. "बघलंस?" शंकर तुकारामला म्हणाला, "जनार्दन असोच होतो. मोठी मासळी हाडी आणि म्हणी, जाळ्यान हाडली, मी खंय?"

"खरा सांगतंय. दोन गोळये घेतलंय. बोट लागता म्हणान. ताडपत्रेखाली होतंय. तुमच्यो हाको माका आयकाकच येवक नाय."

"बरां बरां," शंकर डोळे पुशीत म्हणाला. "वाडीत आमीच सांगतो. तू नको सांगू."

वीस वर्षं चुकीचे पत्ते दुरुस्त करून रविराजला एक ठाऊक झालं होतं. माणसाला हवं असलेलं पाकीट चुकून त्याच्या दारी गेलं तर तो ते परत देत नाही. आता ते पाकीट वाडीच्या दारी गेलं होतं. तो आणखी मोठ्यानं सांगू लागला, वरच्या मजल्यावरचं कपाट, भक्ती, पाणी, सगळं. तो जितकं नेमकं सांगे तितके ते दोघं हसत. तुकाराम मात्र हसत नव्हता. तो पुढं जाऊन वाकला होता. होडी सोडवायची तर आधी बघावं कशाला अडकली आहे, म्हणून त्यानं नाकावरून पाण्यात गेलेला दोर हातात घेतला आणि ओढला. दोर ताठ झाला. त्यानं दोन्ही पाय रोवून ओढला. शंकरनं हात दिला. बऱ्याच वेळानं चिखलातून नांगर वर आला, आणि नांगराबरोबर पुष्कळ काही आलं. तारेचं कुंपण, खुंटासकट. कुणाची तरी कोळंबी धरायची अर्धी चौकट. एक चप्पल. आणि गोळा झालेलं हिरवं जाळं.

"ह्यां माजां जाळां," शंकर म्हणाला.

वल्हवत येणारा माणूस आधी नांगर उचलतो. हा नांगर देवबागच्या काठापासून कोरजाईच्या खाजणापर्यंत खाडीचा तळ नांगरत आला होता. शंकर जाळ्याकडे बघत होता, मग त्यानं रविराजकडे पाहिलं आणि नजर काढून पुन्हा जाळ्याकडे नेली. काशीबाई काठी चिखलातून उपटून म्हणाली, "म्हणजे खराच निजलेलो," आणि पत्रा शोधायला निघाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिचा वेळ गेला होता एवढंच.

तुकाराम फळीवर बसला. ओल्या दोराचं टोक त्याच्या हातात तसंच होतं. रविराजनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "तुझ्या पोरांक, ह्यांच्या झिलांक, सगळ्यांक सांग. निजलेलो म्हणान सांग. नायतर कोणतरी मरात."

"कट्ट्यापासून चलत येय होतंय," तुकाराम म्हणाला. तो शिव्या घालणार असं रविराजला वाटत होतं, पण त्याचा आवाज मंद होता. "वाटेतच कोणीतरी म्हणालो, देवबागात एक होडी माणसासकट गेली. माका कळला कोणाची ती. तेव्हापासून मी एकच इचार करी होतंय, भक्तीक फोनार काय सांगूचा. रडत सांगलंय तर तीच माका धीर देत. गप रवलंय तर ती घाबरात. म्हणान एक वाक्य तयार केलंय. कुंभारमाठापर्यंत तां पाठ झाला. रस्त्यार झाडा आडवी, वर चढतंय, खाली उतरतंय, आणि तांच म्हणतंय. दहा वेळा, वीस वेळा."

"काय वाक्य?"

तुकारामनं दोराचं टोक खाली ठेवलं. तो घसा साफ करून, फोनवर बोलायचं तशा शुद्ध मराठीत म्हणाला, "भक्ती, त्याला काही एक कळलं नाही. झोपेतच होता तो."

शंकरनं जाळं हातातून सोडलं.

"बरोबर आसा," रविराज म्हणाला. "तिका ह्यांच सांग. एक शब्द बदलू नको."